हात मोकळे, लक्ष गुंतलेलं

"ब्लूटूथवर बोलतोय, हात मोकळे आहेत." गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला टोकलं की हे उत्तर हमखास येतं, आणि ते अगदी मनापासून दिलेलं असतं. फोन हातात धरून गाडी चालवणं वाईट, हे आता बहुतेकांना पटलेलं आहे. म्हणून लोकांनी पैसे खर्च करून इअरफोन घेतले, डॅशबोर्डवर स्टँड बसवले. नव्या गाड्यांत तर स्टिअरिंगवरच फोन उचलायचं बटण असतं. एवढी सोय केल्यावर धोका टळला असं वाटणारच. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयावर जे संशोधन झालं, त्यातल्या महत्त्वाच्या अभ्यासांनी या समजुतीला आधार दिलेला नाही. उलट ती समजूतच धोकादायक ठरते, कारण निर्धास्त झालेला माणूस जास्त वेळ बोलतो.

यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास कॅनडातल्या टोरांटोचा. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्याकडे मोबाइल होता आणि ज्यांच्या गाडीला अपघात झाला होता, अशा ६९९ चालकांची फोनची बिलं त्यांनी तपासली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत फोन चालू होता का, हे एकीकडे पाहिलं. दुसरीकडे त्याच माणसाने आदल्या दिवशी त्याच वेळी फोन वापरला होता का, तेही पाहिलं. म्हणजे तुलना एका चालकाची दुसऱ्याशी नव्हती, ज्याची त्याच्याशीच होती. "मी सराईत आहे, मला सवय आहे" हा युक्तिवाद इथे गळून पडतो. निष्कर्ष असा निघाला की फोन चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हातात न धरता वापरलेल्या फोनचाही त्यात काही फायदा दिसत नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांवर असाच अभ्यास झाला. उत्तर पुन्हा तेच आलं, चौपट. देश वेगळा, रस्ते वेगळे, अपघात जास्त गंभीर, तरी आकडा हलला नाही.

असं का होतं, हे शोधण्यात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांनी बरीच वर्षं घालवली. प्रयोगशाळेत बसवलेल्या गाडीत, पडद्यावरच्या रस्त्यावर ते लोकांना गाडी चालवायला लावत. चालकाची नजर नेमकी कुठे पडते हे टिपणारं यंत्रही सोबत असे. रस्त्याकडेचे जाहिरातफलक या चालकांना दिसत होते, नजर त्यांच्यावर जात होती. पण नंतर विचारल्यावर, हँड्सफ्री फोनवर बोलत गाडी चालवलेल्यांना ते फलक फारच कमी आठवले. डोळे रस्त्यावर होते, पण दिसलेलं मनापर्यंत पोचत नव्हतं. फलक नाही आठवला तर बिघडत काही नाही. पण त्या जागी रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी असेल, पुढच्या ट्रकचा ब्रेकचा लाल दिवा असेल, तर?

ऐकण्यासाठी हात लागत नाहीत, मन लागतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्सेल जस्ट यांच्या गटाने २००८ मध्ये मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना पडद्यावर गाडी चालवायला दिली. काही फेऱ्यांत त्यांना त्याच वेळी कानावर पडणारी वाक्यं खरी की खोटी तेही ठरवायचं होतं. बोलायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. तेवढ्यानेही मेंदूच्या ज्या भागात गाडी चालवण्याशी संबंधित, जागेचं आणि अंतराचं भान ठेवण्याचं काम चालतं, तिथली हालचाल ३७ टक्क्यांनी घटली. मेंदू दोन्ही कामं पूर्ण ताकदीने करत नाही. एकाचा वाटा काढून दुसऱ्याला देतो, आणि कोणाचा वाटा काढायचा हे आपल्याला विचारत नाही.

इथे एक रास्त शंका येते. मग शेजारी बसलेल्या बायकोशी किंवा मित्राशी गप्पा मारल्या तरी तेच होणार का? याचंही उत्तर शोधलं गेलं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. स्ट्रेयर यांच्याच सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दोन प्रकारच्या गप्पांची तुलना केली, एक फोनवरच्या माणसाशी आणि एक शेजारी बसलेल्या मित्राशी. चालकांना ठरावीक ठिकाणी महामार्ग सोडून वळायचं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ते वळण विसरून पुढे गेले. मित्रासोबत असलेले बहुतेक जण बरोबर वळले. कारण मित्रालाही रस्ता दिसतो. गर्दी आली की तो आपसूक थांबतो, "अरे, तो टेम्पो बघ" म्हणतो, वळण जवळ आलं की आठवण करतो. फोनवरच्या माणसाला आपण घाटात आहोत की गल्लीत, याचा पत्ताच नसतो. तो मध्येच विचारतो, "ऐकतोयस ना?" आणि आपण नेमक्या चुकीच्या क्षणी उत्तर शोधायला लागतो.

दारूशी केलेली तुलना अनेकांना अतिशयोक्ती वाटते. पण २००६ साली स्ट्रेयर यांनी ती प्रत्यक्ष करून पाहिली. तेच लोक, तीच गाडी, एकदा फोनवर बोलताना आणि एकदा रक्तात ०.०८ टक्के मद्य असताना. लक्षात घ्या, भारतात कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे त्याहून कितीतरी कमी. प्यायलेले लोक आक्रमकपणे चालवत होते, पुढच्या गाडीच्या फार जवळ जात होते, ब्रेक जोरात दाबत होते. फोनवरचे लोक उशिरा ब्रेक मारत होते, आणि पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे प्रसंग त्यांच्याकडून जास्त घडले. चुका वेगळ्या होत्या, पण धोका दोन्हीकडे सारखाच गंभीर होता. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तशी नजर फोनवाल्याच्या वाट्याला का येत नाही, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

"मला जमतं" असं म्हणणाऱ्यांपैकी काही जण खरं बोलत असतात, हेही सांगितलं पाहिजे. २०१० मध्ये स्ट्रेयर आणि जेसन वॉटसन यांनी २०० जणांची चाचणी घेतली, तेव्हा गाडी आणि फोनवरचं काम दोन्ही न ढळता करणारे अडीच टक्के लोक सापडले. दोनशेत पाच. स्वतःला त्या पाचांत धरणारे मात्र आपल्याला पावलोपावली भेटतात.

आतापर्यंत फक्त बोलण्याचा विषय झाला. मेसेज वाचणं आणि टाइप करणं हे त्याच्या पलीकडचं आहे, कारण तिथे मन, डोळे आणि हात तिन्ही एकदम रस्त्यावरून उठतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चालकांचं निरीक्षण केलं. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकांचा धोका २३ पट वाढलेला होता. धोक्याच्या प्रसंगाभोवतीच्या सहा सेकंदांत त्यांची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती.

हे ४.६ सेकंद आपल्या रस्त्यांवर आणून बघू. शहरात ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी तेवढ्या वेळात ६४ मीटर जाते. ताशी ८० ला १०२ मीटर. जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथे हे अंतर १५३ मीटर होतं. म्हणजे कुणाचा 'गुड मॉर्निंग' वाचेपर्यंत दीडशे मीटर रस्ता बिनचालकाचा. आणि त्यानंतर ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ, गाडी थांबायला लागणारं अंतर, हे सगळं वेगळं.

पण महाराष्ट्रातली खरी जोखीम मला समृद्धीपेक्षा साध्या राज्य रस्त्यांवर जास्त वाटते. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या भागांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी धुळीने झाकलेला असतो. ट्रॅक्टर ताशी वीसच्या वेगाने चाललाय आणि आपण ऐंशीने, तर ४.६ सेकंदांत दोघांतलं अंतर ७७ मीटरने कमी होतं. डिपरवर असलेल्या दिव्याचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटरच्या आसपास पोचतो. म्हणजे फोनकडे बघायला मान वळवली तेव्हा समोर रस्ता रिकामा दिसत होता, आणि मान वर केली तेव्हा उसाच्या मोळ्या काचेला भिडल्या, हे अगदी सहज घडू शकतं. ट्रॉलीला दिवा नसणं हा ट्रॅक्टरवाल्याचा दोष खराच. पण ज्या रस्त्यावर बिनदिव्याची ट्रॉली, उभा राहिलेला बंद ट्रक, रस्त्यावर बसलेली जनावरं, उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल हे सगळं केव्हाही पुढे येऊ शकतं, तिथे पाच सेकंद डोळे काढून घेणं हे परदेशातल्या रस्त्यांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

दुचाकीचं तर काय बोलावं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. तरीही हेल्मेटच्या आत कानाशी खुपसलेला फोन, मान वाकडी करून खांद्याला दाबून धरलेला फोन, स्कार्फमध्ये बांधलेला फोन ही दृश्यं कुठल्याही चौकात दिसतात. मान वाकडी झाली की एका बाजूचा आरसा दिसेनासा होतो, तोल बिघडतो. फोन निसटू लागला तर हात नकळत हँडल सोडून त्याच्याकडे जातो. दोन चाकांवरच्या माणसाला तोल सावरायला उसंत मिळत नाही, आणि पडला तर त्याच्याभोवती पत्राही नसतो. जेवण आणि सामान पोचवणाऱ्या मुलांचं कामच फोनवर चालतं. पत्ता, ग्राहकाचा फोन, पुढची ऑर्डर, सगळं हँडलवर लावलेल्या पडद्यावर. त्यांना नुसतं बेजबाबदार म्हणणं अन्यायाचं आहे. मिनिटं मोजून पैसे देणाऱ्या व्यवस्थेने आणि "कुठे पोचलास?" म्हणून दर दोन मिनिटांनी फोन करणाऱ्या आपल्यासारख्या ग्राहकांनीही त्या धोक्यात भर घातलेली आहे.

सरकारी आकड्यांत मात्र फोन फारसा दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२१ साली मोबाइल वापरामुळे झालेले अपघात १,९९७ आणि त्यांतले मृत्यू १,०४० असे नोंदले आहेत. त्या वर्षी एकूण अपघात चार लाखांवर होते. हा हिस्सा माझ्या मते वास्तवापेक्षा खूपच कमी आहे, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. अपघातानंतर दारू रक्तात सापडते, वेग घसरणीच्या खुणांवरून काढता येतो. फोन मात्र खिशात परत गेलेला असतो. चालक सांगत नाही, किंवा सांगायला उरत नाही. पंचनाम्यात मग 'भरधाव वेग' किंवा 'चालकाचं नियंत्रण सुटलं' एवढंच येतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. देशातला पहिला मोबाइल कॉल लागला जुलै १९९५ मध्ये, म्हणजे मूळ कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही वस्तूच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये, धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याच्या व्याख्येत, हातात धरायच्या संपर्कसाधनांचा वापर स्पष्टपणे आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याआधी २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा चालकांचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा, असे राज्यांना निर्देश दिले होते. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलत आली. रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने. ही अट अनेकांना माहीतच नसते. स्टँडवर लावलेल्या फोनवर नकाशा असणं चालतं. त्याच स्टँडवर सिग्नलला रील्स सरकवणं या सवलतीत बसत नाही.

सिग्नलवर थांबलो की फोन बघायचा, ही सवय तर जवळजवळ सार्वत्रिक आहे, आणि ती निरुपद्रवी वाटते. गाडी उभीच तर आहे. पण अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने २०१५ मध्ये दाखवलं की आवाजी आज्ञा देऊन फोन किंवा गाडीतली यंत्रणा वापरल्यावर, काम संपल्यानंतरही चालकाचं मन २७ सेकंदांपर्यंत त्यातच अडकलेलं राहू शकतं. आपला सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, गडबडीत गाडी पुढे काढली, आणि त्याच सेकंदाला शेवटची माणसं झेब्रा पट्ट्यावरून पळत असतात.

मग फोन गाडीत आणायचाच नाही का? तसं म्हणणं मला पटत नाही, आणि ते चालणारही नाही. अनोळखी गावात नकाशा ही मोठी मदत आहे, आणि रस्त्यात काही झालं तर हाच फोन जीव वाचवतो. प्रश्न निर्णय केव्हा घ्यायचा हा आहे. फोन वाजू लागल्यावर, पडद्यावर आईचं किंवा साहेबांचं नाव दिसत असताना "उचलू की नको" हे ठरवायला गेलं, तर बहुतेक वेळा हात जिंकतो. म्हणून तो निर्णय किल्ली फिरवायच्या आधी व्हायला हवा. पत्ता टाकून, आवाज सुरू करून, फोन स्टँडवर लावून मगच गाडी हलवायची. स्टँड काचेच्या मधोमध नको, खाली डॅशबोर्डजवळ, रस्ता झाकणार नाही असा. वळण चुकलं तर चुकू द्यावं. नकाशा पुढचा रस्ता स्वतःच काढतो, त्यासाठी पडद्यावर बोट फिरवायची गरज नसते. शेजारी कोणी असेल तर फोन सरळ त्याच्या हातात द्यावा. उचलणं, निरोप सांगणं, रस्ता बघणं ही त्याची कामं. बोलणं भागच असेल तर थांबायचं, पण जागा बघून. द्रुतगती मार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करणं हा दुसरा जीवघेणा प्रकार आहे. तिथे पुढचा फूड मॉल किंवा पेट्रोल पंप येईपर्यंत कळ काढावी.

प्रवासी म्हणून बसलेल्यांनाही इथे काम आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवता चालवता मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने ते चित्रित करून परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचवलं. चालकाला कामावरून काढण्यात आलं आणि ज्या खाजगी कंपनीची बस होती तिला दंड झाला. त्या बसमधल्या माणसांचं नशीब बरं होतं. पण मंत्र्यांपर्यंत जायच्याही आधी, रिक्षात, टॅक्सीत, बसमध्ये बसल्या जागेवरून "दादा, फोन ठेवा, नाहीतर गाडी बाजूला घेऊन बोला, आम्ही थांबतो" एवढं म्हणता येतं. आपण भिडेपोटी गप्प बसतो. त्या चालकालाही पलीकडच्याला "ठेवतो, पॅसेंजर ओरडतायत" असं सांगायला निमित्त मिळतं, आणि बरेचदा त्याला तेच हवं असतं.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, तो म्हणजे फोन करणारा. गाडीत वाजणाऱ्या प्रत्येक फोनच्या दुसऱ्या टोकाला घरात किंवा ऑफिसात निवांत बसलेला एक माणूस असतो, आणि तो बहुधा आपलाच असतो. काळजीपोटी "निघालास का? कुठवर आलास?" विचारणारी आई असते, बैठकीला जोडून घेणारा वरिष्ठ असतो. मुलगा मोटरसायकलवरून येतोय हे ठाऊक असताना त्याला तीनदा फोन करणं, हे त्याची काळजी घेणं नव्हे. घरात ठरवून टाकता येतं की निघताना एक आणि पोचल्यावर एक फोन, मध्ये नाही. फार वाटलं तर लोकेशन पाठवायला सांगावं, ते निघतानाच चालू करून ठेवता येतं. ऑफिसांनीही कर्मचारी रस्त्यावर असेल त्या वेळात त्याला बैठकीत बोलवायचं नाही, असा नियम करावा. फोन लागलाच तर पहिला प्रश्न "गाडी चालवतोयस का?" हा असावा, आणि "हो" आलं की निरोप कितीही महत्त्वाचा असला तरी "पोचलास की कर" म्हणून आपणच ठेवून द्यावा. तो उद्धटपणा वाटत नाही.

फोनमध्येही याची सोय आहे. आयफोनमध्ये २०१७ पासून आणि अँड्रॉइड फोनमध्येही गाडी चालवतानाचा मोड मिळतो. तो चालू केला की मेसेज पडद्यावर येत नाहीत, निवडलेल्या माणसांचेच फोन वाजतात, आणि आयफोन मेसेज पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर देतो. हे उत्तर सेटिंगमध्ये जाऊन मराठीत लिहून ठेवता येतं: "गाडी चालवतोय. थांबल्यावर फोन करतो." गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला गेला की हा मोड आपोआप सुरू होईल, अशीही व्यवस्था करता येते. दुचाकीवाल्यांनी फोन सायलेंट करून बॅगेत किंवा डिकीत टाकावा, खिशात नको, कारण खिशातली थरथर कळते आणि कळली की मन तिकडे जातं. महामार्गावर अपघात दिसला तर मात्र सुरक्षित जागी थांबून हाच फोन बाहेर काढायचा. ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे नाव गुंतेल या भीतीने पुढे निघून जायचं कारण नाही.